वसतिगृहाचे अण्णा

प्रतिवर्षी या स्मरणिकेत आम्ही देणगीदारांची छायाचित्रे छापतो, कार्यकारी मंडळाची नावे छापतो, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापतो. वसतिगृहाच्या खोलीवर कोणाच्या वडिलांचे नाव कोरलेली शिला बसली याचाही वृत्तान्त देतो. परंतु त्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्री ताप आला असता जो माणूस कंदील घेऊन वैद्याकडे गेला, कोठीतील ज्वारी संपली असता जो दुकानदारापुढे हात जोडून उभा राहिला, पहाटे चार वाजता ज्याने चूल पेटविली, त्याचे नाव या पानांत क्वचितच आले असेल. वसतिगृहाचा गृहपती, त्याची पत्नी, आचारी, कोठीवाला ही माणसे अहवालाच्या खर्चाच्या बाजूला एका ओळीत मावतात. या वर्षी ही उणीव थोडी तरी भरून काढावी, म्हणून आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे की ज्याला सारा महाराष्ट्र शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो, पण जो मुळात व अखेरपर्यंत एक गृहपतीच होता. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरनजीकच्या कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगौंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते व बदलीच्या गावोगाव कुटुंबास नेत. मूल अंगाने दांडगे, स्वभावाने हूड, तालमीत रमणारे व पुस्तकात न रमणारे असे होते. इंग्रजी शिक्षणासाठी त्याला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले आणि राहण्याची सोय तेथील जैन वसतिगृहात झाली.

त्या काळचे कोल्हापूर समजून घेतल्याखेरीज भाऊरावांचे पुढील आयुष्य समजणार नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते. पण तेथील व्यवस्था ज्यांच्या हाती गेली त्यांच्याच वर्गाची मुले तेथे टिकली. इतरांची मुले एकेक करून निघून गेली. ताटाला ताट लागणार नसेल आणि मुदपाकखान्यात पाऊल टाकण्याची चोरी असेल, तर खेड्यातून आलेले पोर तेथे किती दिवस राहणार? या अनुभवानंतर महाराजांनी निराळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी इत्यादी अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. ज्या समाजांना शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता त्यांची पहिली शिकलेली पिढी या जातवार वसतिगृहांतून बाहेर पडली, हे ऋण कोणी नाकारू नये. मात्र या घटनेतून आम्हांस एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावीशी वाटते. १८९६ चा प्रयोग फसला तो इमारत कमी पडली म्हणून नव्हे, द्रव्य कमी पडले म्हणूनही नव्हे. चूल कोणाच्या हाती होती यावर तो फसला.

जैन वसतिगृहाचे अधीक्षक त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे हे होते. ते विद्वान, करारी व नियमाचे कडक असे गृहस्थ होते. पुढे १९३७ साली ते मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. वसतिगृहात स्नान, देवदर्शन व भोजन यांचे काटेकोर नियम होते आणि भाऊराव ते नियम मोडण्यात तरबेज होते. खटके उडतच होते. अशात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग हे वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव हौसेने गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले. आपण कोणत्याही घाणीत जाऊन आलो नाही, माणसांत जाऊन आलो, तेव्हा स्नानाचे कारण काय, असा त्यांचा सवाल होता. परिणामी त्यांचे अंथरूण वसतिगृहाबाहेर पडले. मुलगा रस्त्यावर येणार तोच शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यात ठेवून घेतले.

जातीच्या मंडळाच्या स्मरणिकेत ही हकीकत छापताना आमची लेखणी थोडी अडखळते, हे मान्य केले पाहिजे. ज्या वसतिगृहाने एका मुलाला बाहेर घातले ते वाईट नव्हते. त्याचे चालक स्वार्थी नव्हते. त्यांनी आपल्या समाजासाठी पदरमोड करूनच ते घर उभारले होते. पण त्या घराच्या नियमांत त्या मुलाचा प्रश्न बसत नव्हता. आणि पुढे ज्याच्या वसतिगृहांत हजारो मुले वाढली तो मनुष्य नेमका हाच बाहेर घातलेला मुलगा होता.

अभ्यासात मात्र राजवाड्याच्या मुक्कामाने फरक पडला नाही. इंग्रजी सहावीपाशी गाडे अडले. महाराजांनी गणिताच्या शिक्षकांकडे शब्द टाकून पाहिला, तेव्हा त्या बाणेदार शिक्षकांनी सांगितले की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात घालतो, पण भाऊरावाला घालणार नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढे महाविद्यालये काढणाऱ्या या पुरुषाने मॅट्रिकची पायरी चढली नव्हती हे खरे. १९०९ च्या सुमारास शाळेचा संबंध सुटला.

त्यानंतरची काही वर्षे धडपडीची गेली. साताऱ्यास येऊन त्यांनी मुलांच्या शिकवण्या धरल्या. स्वतः नापास झालेला हा तरुण शिकविण्यात वाकबगार ठरला आणि गावात पाटील मास्तर या नावाने ओळखला जाऊ लागला. दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने १९१० साली सर्व जातींच्या मुलांसाठी एक लहानसे विद्यार्थी-आश्रम त्यांनी चालू केले होते. पुढच्या कार्याचे बीज ते हेच. शाळेच्या बाहेर बसविलेला ज्ञानदेव घोलप नावाचा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्याला त्यांनी आपल्या घरी आणले व नंतर कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये नेऊन पोहोचविले. ज्या वसतिगृहाच्या समारंभामुळे आपले छप्पर गेले त्याच वसतिगृहात त्यांनी दुसऱ्याच्या मुलाला छप्पर मिळवून दिले. हा मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला.

मग १९१४ साल उजाडले. कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्यास कोणीतरी डांबर फासले आणि संस्थानात एकच गहजब उडाला. लठ्ठे यांच्यावर दरबारचा रोष होता. त्यांना या प्रकरणात गोवण्यासाठी साक्षीदार हवा होता. वसतिगृहातून हाकलला गेलेला, मनात राग धरून असेल अशी ज्याच्याबद्दल कोणाचीही खात्री पटावी, असा भाऊरावांवाचून दुसरा कोण सापडणार? परंतु खोटी साक्ष देण्याचे भाऊरावांनी नाकारले. त्यासाठी त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. तरी जबाब बदलला नाही. ज्या अधीक्षकाने आपल्याला घराबाहेर काढले त्याच्याविरुद्ध एक खोटे वाक्य उच्चारले असते तर सुटका होती. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. शाहू महाराजांविषयीची त्यांची भक्तीही या प्रकरणाने उणावली नाही. रोष दरबारच्या कारस्थानी मंडळींवर राहिला, महाराजांवर नाही. या एका प्रसंगावर आम्ही अधिक लिहिले असते. पण त्याच्या पुढे जे घडले ते अधिक मोलाचे आहे.

पुढे पोटासाठी त्यांनी फिरस्तीची नोकरी पत्करली. ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी खेडीपाडी पालथी घातली. लोखंडी नांगराने भूमाता विटाळते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ती दूर करता करता त्यांच्या पायांखालून सारा दक्षिण महाराष्ट्र गेला. प्रत्येक गावात त्यांना एकच दृश्य दिसे. चार बुद्धिमान पोरे गुरांमागे आहेत आणि शाळा पाच कोसांवर आहे. शाळा जवळ आणणे हे सरकारचे काम. ते होईल तेव्हा होईल. तोवर मुलाला शाळेजवळ नेऊन ठेवणे, तेथे त्याच्या पोटाची व अंथरुणाची सोय लावणे, हे एका माणसाच्या हातचे होते. शिक्षणाचा प्रश्न हा आधी भाकरीचा व निवाऱ्याचा प्रश्न आहे, ही भाऊरावांची दृष्टी या वणवणीतून आली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. लोक संस्था म्हटली की इमारत, घटना, अध्यक्ष असे चित्र डोळ्यांपुढे आणतात. काले येथे होते ते एक वसतिगृह. काही मुले आणि त्यांच्यासाठी गावाने घातलेला शिधा. मध्यंतरी साताऱ्याजवळील एका कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांनी पुष्कळ श्रम घेतले. नफ्यातील काही वाटा बहुजन समाजाच्या शिक्षणाकडे जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, तेव्हा त्यांनी ते काम सोडले आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलविले. येथे स्वतःच्या बिऱ्हाडातच त्यांनी मुले ठेवून घेण्यास आरंभ केला. हेच पुढचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. महाराज १९२२ साली निवर्तले होते. त्यांच्या नावाने हे घर उभे राहिले. पुढे एकदा मोठी रक्कम देऊ करणाऱ्या एका धनिकाने वसतिगृहाचे नाव बदलण्याची अट घातली, तेव्हा वेळ आली तर आपण जन्मदात्या बापाचे नाव बदलू पण या घराचे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. कोठीत दोन दिवसांची ज्वारी नसताना हे उत्तर देणे म्हणजे काय, हे ज्यांनी वसतिगृह चालविले आहे त्यांनाच कळेल.

येथे आम्हांस भाऊरावांना क्षणभर बाजूस ठेवून त्यांच्या पत्नीविषयी लिहिले पाहिजे. किंबहुना हा लेख त्यांच्याच नावाने लिहावा असे आमच्या मनात आले होते.

लक्ष्मीबाई या सधन पाटील घराण्यातल्या. माहेरी सोवळे-ओवळे कडक, व्रतवैकल्ये कडक. अंगावर सोने भरपूर घालून त्या सासरी आल्या. नवरा पगार मिळवील, आपण संसार करू, अशी कोणत्याही मुलीची असते तीच त्यांची अपेक्षा असणार. वाट्याला आले ते असे घर की ज्यात सकाळी उठून पाहावे तो ओसरीवर नवीन मूल निजलेले असावे. कोणी मराठ्याचे, कोणी मुसलमानाचे, कोणी महाराचे, कोणी मांगाचे. नवऱ्याने रात्री आणून ठेवलेले. त्या पोरांना अंघोळी घालणे, उवा काढणे, खरूज झाली तर औषध लावणे, पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीने रडणाऱ्याला जवळ घेऊन निजविणे, हे काम कोणत्या संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते? ते लिहिलेले नसते; कोणीतरी ते करते म्हणून वसतिगृह चालते. माहेरच्या संस्कारांत वाढलेल्या त्या बाईंना अस्पृश्याच्या मुलाला आपल्या स्वयंपाकघरात घेणे पहिल्या दिवशी सोपे गेले असेल असे मानण्याचे कारण नाही. पती बाहेर भाषणे करून जात मोडीत होते; ती घरातल्या चुलीपाशी मोडण्याचे काम या बाईंना करावे लागले. त्यांनी ते केले. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांना वहिनी म्हणत.

अण्णा महिन्यातले कित्येक दिवस फिरतीवर असत. कोठे वर्गणी, कोठे धान्य, कोठे नवी मुले. मागे घरात तेवढ्याच तोंडांची पंगत दोन वेळा बसलीच पाहिजे. दुकानदार उधारी देईनासा झाला की वहिनींच्या अंगावरचा एक डाग कमी होई. पाटल्या गेल्या, गोठ गेले, गळ्यातले गेले. असे करता करता एके दिवशी अण्णा परगावी असताना कोठी पूर्ण रिकामी झाली. सणाचे दिवस जवळ आलेले, मुले उपाशी, विकण्यासारखे काही शिल्लक नाही. शिल्लक होते ते मंगळसूत्र. त्यांनी ते काढून दिले आणि त्यातून आलेल्या पैशांत त्या दिवशीची चूल पेटली. ज्या समाजात सवाष्णीच्या गळ्यातून ते मणी केवळ एकाच प्रसंगी उतरतात, त्या समाजातील स्त्रीने हे केले. अण्णा परत आले तेव्हा मोकळा गळा पाहून त्यांना जे समजायचे ते समजले.

३० मार्च १९३० रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. वय चाळिशीच्याही आतले. पुढे जी शेकडो विद्यालये निघाली त्यांतले एकही त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिले ते फक्त वसतिगृह. सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

आता पुन्हा साताऱ्याकडे वळू. बिऱ्हाड अपुरे पडू लागल्यावर वसतिगृह धनिणीच्या बागेत गेले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकाच ठिकाणी राहतात, एकाच चुलीवर रांधतात व एकाच पंगतीत जेवतात, हे पाहून महात्माजी प्रसन्न झाले. आपल्याला साबरमतीस जे पुरते साधले नाही ते येथे साधले आहे, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय होता. पुढे हरिजन सेवक संघाकडून या वसतिगृहास वार्षिक मदतही मिळू लागली.

या घराचा दिनक्रम कसा होता हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण भाऊरावांचे शिक्षणशास्त्र त्यांच्या भाषणांत नसून या दिनक्रमात आहे. येथे नोकरांचा ताफा नव्हता. मुलांनीच दळावे, लाकडे फोडावी, पाणी भरावे, भाकरी थापाव्या, भांडी घासावी. पाळ्या लावलेल्या असत आणि पाळीला जात नसे. स्वयंपाकाची पाळी आलेला मुलगा महाराचा असो की ब्राह्मणाचा, त्या दिवशी त्याच्या हातचे सर्वांनी जेवायचे. सुट्टीच्या दिवशी शेतात काम, बांधकाम असेल तर दगड-माती वाहणे. गावातून मुष्टिफंड गोळा होई. घरोघरच्या बायका दळायला बसताना एक मूठ धान्य मडक्यात बाजूला टाकीत आणि मुले ते नेऊन आणीत. एक मूठ कोणाला जड नव्हती. तिच्यावर पंगती उठल्या. मुलालाही हे कळत होते की आपण जे खातो ते कोणा राजाचे दान नव्हे, शेजारच्या आळीतल्या म्हातारीची मूठ आहे.

आमच्या मते यातील मर्म असे की गृहपती स्वतः त्याच पंगतीत बसत होता. अण्णांच्या ताटात निराळे काही नसे. पायांत वहाण नाही, अंगावर खादीचे जाडेभरडे वस्त्र, खांद्यावर घोंगडी, पुढे छातीवर रुळणारी पांढरी दाढी. ज्या मुलांनी ते रूप अंगणात पाहिले त्यांना साधेपणाचे निराळे पाठ द्यावे लागले नाहीत. स्वभाव मात्र संतासारखा शांत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अण्णा रागीट होते. चुकलेल्या मुलाला त्यांचा हात लागे आणि तो हात पैलवानाचा होता. दिलेल्या शब्दापासून ढळलेल्या मोठ्या माणसांनाही त्यांनी कधी सोडले नाही. पण संतापाने मूल घराबाहेर घातले असे मात्र त्यांच्याकडून सहसा झाले नाही. कोल्हापुरातल्या त्या संध्याकाळी रस्त्यावर पडलेले स्वतःचे अंथरूण त्यांना विसरता आले नसावे.

१९३२ साली येरवड्याचा करार झाला. त्याची स्मृती म्हणून पुण्यास युनियन बोर्डिंग हाउस निघाले. नावाप्रमाणेच तेथे स्पृश्य-अस्पृश्य मुले एकत्र राहू लागली. १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले, कारण खेड्यांतल्या शाळांना शिक्षक हवे होते. त्या शाळांची संख्या झपाट्याने वाढली. तो सर्व इतिहास अन्यत्र सविस्तर आला आहे व येथे त्याचे प्रयोजन नाही. १९४० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावे साताऱ्यास निघालेले हायस्कूल मात्र आमच्या विषयाशी संबंधित आहे, कारण ते मोफत होते व निवासी होते. फीऐवजी मुलाने श्रम द्यायचे, असा तेथला हिशेब. दिवसातले काही तास शेतावर किंवा बांधकामावर, उरलेले वर्गात. यालाच पुढे कमवा आणि शिका असे सुटसुटीत नाव पडले.

हीच पद्धत भाऊरावांनी महाविद्यालयात नेली. जून १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा पदवीचे शिक्षण घेणारा मुलगा खोरे-कुदळ हाती घेईल काय, अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखविली. इंग्रजी बोलणारा विद्यार्थी अंगणात खडी फोडतो हे दृश्य त्या काळच्या सुशिक्षितांना विनोदी वाटे. पण ज्याच्या बापाजवळ फी भरण्यास दमडी नव्हती त्याला ते विनोदी वाटले नाही. दया घेऊन शिकलेला मुलगा आणि घामाचे मोल देऊन शिकलेला मुलगा यांच्या मानेच्या ताठपणात फरक असतो. गरीब विद्यार्थ्याला मदत करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्याची मान वाकू न देता मदत करण्याचे कसब फार थोड्यांना साधते, आणि ते द्रव्याने साधत नाही, गृहपतीच्या वर्तनाने साधते.

स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. भाऊरावांची जीभ तिखट होती व ती कोणाची पत्रास ठेवीत नव्हती. अशा वेळी गाडगे महाराज मध्ये पडले. या दोन पुरुषांचे नाते विलक्षण होते. एक निरक्षर म्हणविणारा, हातात खराटा व डोक्यावर फुटके गाडगे घेऊन फिरणारा. दुसरा नापास विद्यार्थी. दोघेही भाकरीच्या आधी शिक्षण आणि शिक्षणासाठी भाकरी या चक्रात आयुष्यभर फिरले. महाराजांच्या शब्दाने राज्यकर्त्यांची मने वळली व अनुदान पूर्ववत झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी सद्‌गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

वसतिगृहातून निघालेली मुले कोठे पोहोचली याची यादी देण्याचा मोह आम्ही आवरतो. एकच नाव देतो. पी. जी. पाटील हे शाहू बोर्डिंगात वाढलेले विद्यार्थी. अण्णांनी त्यांना स्वतःच्या मुलाप्रमाणे वाढविले, खटपट करून विलायतेस पाठविले. ते बॅरिस्टर होऊन परतले ते वकिलीसाठी नव्हे, तर संस्थेतच काम करण्यासाठी. पुढे त्यांनी आपल्या गृहपतीचे चरित्रही इंग्रजीत लिहिले.

१९५९ साल आले तेव्हा अण्णांचा देह थकला होता. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट्. देऊन त्यांचा गौरव केला. इंग्रजी सहावीत ज्याला वर चढविण्यास शिक्षक राजी नव्हते त्याच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे होती. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ साली, कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. ज्या नगरीत अण्णांचे अंथरूण वसतिगृहाबाहेर पडले होते, त्याच नगरीच्या माळावर विद्यापीठाने श्रम करून शिकणाऱ्या मुलांसाठी कमवा आणि शिका योजनेचे वसतिगृह काढले. खेड्यांतून आलेली, घरून पैसे येणे शक्य नसलेली पदव्युत्तर वर्गांची मुले तेथे राहू लागली. विद्यापीठाच्या आवारात काही तास काम करून आपल्या भोजनाचा खर्च भागवू लागली. १९७५ च्या सुमारास या विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर बॅ. पी. जी. पाटील यांची नेमणूक झाली. एके काळी साताऱ्याच्या बागेत पाळीने भाकऱ्या थापणारा मुलगा त्या वसतिगृहाचा पालक झाला.